कलेत ‘क’

जून उजाडला की शिक्षकखोलीत सगळ्यात काळजीने वाचला जाणारा कागद म्हणजे वेळापत्रक. कुणाला सकाळची पहिली तासिका, कुणाला शनिवारची शेवटची, कुणाच्या माथी दहावी. 2022च्या जूनमध्ये मी तो कागद बोट टेकवत खाली वाचत गेले. नववीचं बीजगणित, नववीची भूमिती, आठवीचं गणित, आणि त्याखाली एक अनोळखी ओळ : ‘स्व. क. र. नववी’. क्लार्कभाऊंनी दुसऱ्या कुणाची ओळ माझ्या रकान्यात घातली असणार, असं धरून मी ऑफिसात गेले.

“बाई, ता तुमचाच,” ते मान वर न करता म्हणाले. “स्व-विकास व कलारसास्वाद. तुमचो वर्कलोड कमी भरत होतो.”

चित्रकलेचे सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणाऱ्या आकड्यांत त्यांची जागा कुठेतरी विरघळली ती पुन्हा दिसली नाही. विषय मात्र सक्तीचा. त्याला गुण नाहीत, श्रेणी आहे. आणि श्रेणी भरल्याशिवाय निकालपत्रक पूर्ण होत नाही. म्हणजे शिकवणारा नसला तरी विषय शिकवला गेलाच पाहिजे, निदान तसं दिसलं तरी पाहिजे. ज्याचा कार्यभार कमी, त्याच्या ताटात तो वाढायचा. आधीच्या वर्षी तो हिंदीच्या सरांनी खाल्ला होता, त्या वर्षी मी.

मी मूळची तासगावकडची. बीएस्सी, बीएड, विषय गणित. लग्न होऊन कणकवली तालुक्यात आले आणि इथल्याच एका माध्यमिक विद्यालयात लागले. कलेशी माझा संबंध म्हणाल तर आठवीत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसले होते एवढाच. दोन दिवस, चार पेपर. वस्तुचित्रातली बादली कागदावर अशी काही कलंडली की पर्यवेक्षकही दोनदा बघून गेले. कर्तव्यभूमितीने तारलं. सी ग्रेड. त्यापुढच्या इंटरमिजिएटच्या वाटेला मग गेलेच नाही. तेव्हापासून मी स्वतःला ‘चित्रकला न येणारी’ म्हणवून घेत आले, आणि चित्रकला म्हणजेच कला अशी समजूत असल्याने सगळ्या कलांचा प्रश्न एकदाच मिटला होता.

आता कबूल करायचं ते करून टाकते. नववीचं ते वर्ष मी कलारसास्वादाच्या तासाला बीजगणित शिकवलं. मुलांनी तक्रार केली नाही, मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. पुस्तक पातळसं, नावातच दोन विषय बसवलेले. ते मी जुलैत एकदा चाळलं आणि कपाटात ठेवलं. एप्रिलमध्ये अडतीस मुलांच्या नावांसमोर श्रेणी भरायची वेळ आली तेव्हा मी घरी चहा घेत घेत पाऊण तासात ते काम उरकलं. अक्षर नेटकं त्याला अ. जी मुलगी वह्यांना कव्हर घालते तिलाही अ. बाकी बहुतेकांना ब. सगळेच अ-ब झाले तर कुणी विचारील, म्हणून दोन क. त्यातला एक मागच्या बाकावरच्या एका मुलाला, कारण तो कार्तिकानंतर आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असायचा आणि आलाच तर झोपायचा.

त्याचं नाव सांगत नाही. पोरं त्याला ‘झांजवालो’ म्हणायची. मला वाटायचं, हेही टोपणनावच, कशावरूनही पडतं तसं.

पुढच्या जूनमध्ये तोच वर्ग दहावीत गेला आणि माझ्यामागे कलारसास्वादही. पहिल्याच आठवड्यात झांजवालो टेबलाशी आला. निकालपत्रक त्याने चार घड्या घालून खिशात आणलं होतं.

“बाई, कलेत माका क कित्याक?”

आवाजात तक्रार नव्हती. गणितात तो काठावर होता, त्याबद्दल त्याने काही विचारलं नाही. नुसतं कलेचं कुतूहल.

“तू तासाला झोपतोस.”

“होय, बाई. जत्रा आसतत ना.”

मी काहीच न समजल्यासारखी बघत राहिले, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी मदतीला आली. तो काकाबरोबर दशावतारात जातो. पेटारा उचलतो, झांज वाजवतो. रात्रभर नाटक, पहाटे टेम्पोतून घरी, मग शाळा. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

“बाई, तुमी धयकालो कधी बघूकच नाय?” तिने विचारलं.

धयकालो म्हणजे हाच दशावतार. नव्हता बघितला. सहा वर्षं या जिल्ह्यात राहत होते. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, लेक लहान, सासूबाईंना जागरण सोसत नाही, ही कारणं खरी होती. पण चार पावलांवरच्या देवळात रात्रभर उभी राहणारी गोष्ट मी पाहिली नव्हती. जो तिच्यात उभा राहतो त्याला मी कलेत क दिला होता. आणि हे सगळं अधिकृत शिक्क्यासह. मी काही त्या दिवशी पश्चात्तापाने झुरले वगैरे नाही. पण गणित शिकवणाऱ्या माणसाला चुकलेलं उत्तर अंगाला चावतं. कपाटातून पुस्तक काढलं.

पहिले चार तास सपशेल वाया गेले. शाळेच्या प्रोजेक्टरवर मी राजा रविवर्म्याचं हंस-दमयंतीचं चित्र लावलं आणि विचारलं, काय वाटतं?

“छान आहे.”

का छान?

“रंग छान आहेत.” “बाई छान आहे.” “पक्षी पण छान आहे.”

अडतीस जणांकडून अडतीस वेळा छान. मग लक्षात आलं की मला विचारलं असतं तर मीही छानच म्हटलं असतं. आपल्याला लहानपणापासून चित्रापुढे उभं राहून तेवढंच म्हणायला शिकवलेलं असतं. वास्तुशांतीला गेल्यावर ‘घर छान झालंय’ म्हणतो तसं. मी फळ्यावर ‘छान’ लिहिलं आणि त्यावर काट मारली. या तासाला हा शब्द बंद. ‘सुंदर’, ‘मस्त’, ‘भारी’ हे त्याचे भाऊबंदही बंद. मग बोलायचं काय? मला जे येतं तेच करायला सांगितलं : मोजा. किती माणसं आहेत, त्यांची नजर कुठे आहे, उजेड कुठल्या बाजूने येतो, कापडाला किती चुण्या आहेत, चित्राच्या मधोमध काय आहे. दमयंतीकडे पाहता पाहता एक जण म्हणाला, हंस तिच्याकडे बघतो आणि ती हंसाकडे, त्यामुळे आपल्याकडे कोणीच बघत नाही, आपण चोरून बघतोय असं वाटतं. मी बाकावरच बसले. हे मला सुचलं नव्हतं.

सप्टेंबरात गणपती आले आणि मला आयतंच सापडलं. आमच्याकडे घाटावर गणपतीला मखर करतात. इथे मूर्तीच्या डोक्यावर, आढ्याला एक लाकडी चौकट टांगलेली असते, तिला माटवी म्हणतात. त्या चौकटीला रान बांधायचं असतं : आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, लालभडक कवंडळं, कांगण्या, हरणाची फुलं, तेरडा. सुट्टीचा गृहपाठ दिला. आपल्या घरची माटवी काढून आणा, चित्र वाईट आलं तरी चालेल. कोण बांधतं, काय कुठे बांधतं, का तिथेच बांधतं, हे घरात विचारून लिहा.

गणिताचा गृहपाठ मला पंचवीस जणांकडून मिळतो. हा छत्तीस जणांनी आणला.

एकीने माटवी सरळ आलेखकागदावर उतरवली होती. सात आडव्या काठ्या, पाच उभ्या, पस्तीस छेदनबिंदू आणि प्रत्येक बिंदूवर काय टांगलंय त्याचं खूण-चिन्ह. खाली सूची. नकाशाच तो. एकाने आजीला विचारलं होतं, नारळ मधेच का? आजी म्हणाली होती, “जड ता मधी, नायतर माटवी एका अंगाक जाता.” दुसऱ्याच्या आजोबांच्या मते तसं काही नाही, देवाच्या डोक्यावर श्रीफळ असावं म्हणून. दोन्ही वह्या मी वर्गात वाचल्या आणि भांडण लावून दिलं. अर्ध्या तासात निकाल लागला नाही, पण कुणी ‘छान’ म्हटलं नाही.

दुसरं भांडण भिंतीवरून झालं. इथे बऱ्याच घरांत गणपतीमागची भिंत दरवर्षी रंगवून घेतात. कुणी मोर काढतं, कुणी कैलास, कुणी नुसती वेलबुट्टी. गावात एखादा हात बसलेला माणूस असतो, तो श्रावणात घरोघर फिरतो. त्या वर्षी चार घरांत भिंतीऐवजी फ्लेक्स लागला होता. मुली एकमुखाने फ्लेक्सविरुद्ध. एक मुलगा एकटाच उभा राहिला. “फ्लेक्स पुसूचो लागणा नाय. घडी करून ठेवलो की फुडल्या वर्साक परत.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण त्याच्याकडे दुसऱ्या वर्षी कोण बघता?” मी त्याच्या वहीवर अ लिहिला. पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, दोन्हींसाठी.

डिसेंबरात सहल ठरवली : पिंगुळी आणि सावंतवाडी. आमच्यापासून एका दिवसात दोन्ही होतं. तरी तयारीला दीड महिना गेला. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, प्रथमोपचार पेटी, सोबत किती शिक्षक, परतण्याची वेळ. एसटीचा प्रासंगिक करार क्लार्कभाऊंनी जमवून दिला. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत असते म्हणून ते परवडलं, नाहीतर माझी कला आगाराच्या फाटकातच संपली असती. मुख्याध्यापकांनी कागद पुढे ओढून एकच विचारलं, “मार्क किती?”

“मार्क नाहीत सर, श्रेणी आहे.”

“मग दहावीला कशाला? आठवीला न्या की.”

पालकसभेत एक वडील म्हणाले, आमच्या पोराक चितारी करूचो नाय. त्यांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. फार चांगलं नसावं. गाडी निघाली तेव्हा अडतीसपैकी तीस मुलं होती.

पिंगुळी कुडाळच्या अगदी लागून. तिथे ठाकर समाजाची काही घरं पिढ्यान् पिढ्या चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ करत आली आहेत. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रातलं ते कात्रण आमच्याही शाळेच्या फलकावर लागलं होतं. फलकाखालून मी रोज जात होते. त्यांच्या घरच्यांनी पूर्वीच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आहे. मुलं आधी कळसूत्री बाहुल्यांकडे धावली, मग पडद्यामागच्या चामड्याच्या बाहुल्यांकडे. मला मात्र पोथीने धरून ठेवलं.

पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. एका आख्यानाची सुटी चित्रं, क्रमाने रचलेली. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक दाखवून झालं की पान उलटायचं आणि गोष्ट पुढे सरकते. मांडी घालून बसलेला कथेकरी चित्र उभं धरतो, गातो, बोलतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. चेहरे बाजूने काढलेले, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा मोठा. माझ्या आलेखवालीने लगेच हात वर केला : एका बाजूने बघताना डोळा असा पूर्ण दिसणार नाही, मग असा का? दाखवणाऱ्याने तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, लांब बसलेल्याला कळायला पाहिजे कोण कुणाकडे बघतंय. रात्री, दिव्यावर. त्याने मान डोलावली आणि चित्र दिव्यासमोर धरावं तसं थोडं तिरकं केलं. हे काही कुठल्या जाणकाराचं मत नव्हे, पंधरा वर्षांच्या मुलीचा तर्क आहे, पण मी तो वहीत टिपून ठेवला. हंस-दमयंतीपासून आम्ही नजरेचाच माग काढत होतो, तो इथवर आला होता.

सावंतवाडीला राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवत बसलेले असतात, जवळ जाऊन बघता येतं. ही कला जवळजवळ विझली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याला गाठून ती पुन्हा उभी केली. एवढं मला मार्गदर्शकाच्या माहितीतून कळलं. बाकीचं मुलांनी आणि मी मिळून मोजलं.

गंजिफाची पानं गोल. दशावतारी गंजिफात दहा रंग, दर अवताराचा एक. दर रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी 12 पानं. एकूण 120. इथवर सोपं. गंमत पुढे आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या निम्म्यांत उलटं, एक्का मोठा आणि दहा शेवटी. म्हणजे पान मोठं की लहान, हे नुसत्या आकड्यावरून कळतच नाही, आधी अवतार कोणता ते विचारावं लागतं. शिवाय डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाची आणि रात्री असेल तर कृष्णाची. एक मुलगा म्हणाला, “संध्याकाळी काय करतत?” त्याचं उत्तर तिथे कुणालाच देता आलं नाही.

आता, दहावीच्या बीजगणितात संभाव्यता आहे आणि तिथे 52 पत्त्यांची उदाहरणं येतात. दरवर्षी मला निम्म्या मुलांना आधी किलवर-चौकट समजावून सांगावं लागतं, कारण घरात पत्ते चालत नाहीत. त्या वर्षी मी फळ्यावर गंजिफा मांडला. राजा निघण्याची संभाव्यता 10 भागिले 120. मत्स्याचं पान निघण्याची 12 भागिले 120. मत्स्याचा राजा, 1 भागिले 120. ज्यांनी ती पानं पाहिली होती त्यांना नमुना अवकाश शब्दही नीट आठवत नव्हता, पण उत्तर चुकत नव्हतं.

हे मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. ते मुद्दाम वर्गाबाहेर थांबून म्हणाले, “बघा, गणितालाही उपयोग झाला की.” मला राग आला. म्हणजे माटवीच्या अडीचशे ओळी, पिंगुळीतला तो डोळा, फ्लेक्सचं भांडण, हे सगळं पाणक्या. गणिताच्या घरी चार घागरी टाकल्या म्हणून त्याला ओसरीवर बसू दिलं. राग आला तरी त्यांच्या त्या वाक्याच्या जोरावरच मी पुढची परवानगी मिळवली, हेही लपवत नाही.

त्याआधी जत्रा. डिसेंबरच्या शेवटी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन शेजारच्या गावी गेले. रात्रीचे साडेअकरा, देवळापुढे मांडव, खाजं आणि शेंगदाण्याची दुकानं, अंगावर शाल. मंडपाच्या कडेला कलाकार आपापला छोटा आरसा मांडीवर घेऊन स्वतःच तोंड रंगवत बसलेले. आधी आडदशावतार : गणपती येतो, भटजी येतो, मग काळ्या वेशातला संकासुर अस्सल मालवणीत सगळ्यांची बिनपाण्याने करतो. त्यानंतर आख्यान. मंचावर म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रान, तेच कैलास. राणी झालेला माणूस दुपारी बहुतेक शेतात असेल, पण त्याने पदर सावरला तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, कुणी कुणाला कुठे भेटायचं तेही ठरलेलं, बोलायचं ते तिथल्या तिथे. दोन राजांच्या वादात एकाने पुराणातला दाखला दिला, दुसऱ्याने तो उलटवला, पहिला क्षणभर अडखळला आणि पायपेटीवाल्याने स्वर लांबवून त्याला वेळ मिळवून दिला. हे मी पाहिलं, कारण आता मी मोजत होते.

झांजवालो मृदंगवाल्याच्या डावीकडे होता. त्याची नजर प्रेक्षकांकडे नाही, नटांकडे नाही, मृदंगवाल्याच्या उजव्या हातावर. साडेतीन वाजता माझी लेक झोपली, नवरा जांभया देत होता, त्याची झांज जागच्या जागी पडत होती. तो फार मोठा कलाकार आहे असं मला म्हणायचं नाही. काकाच्या मते तर तो अजून कच्चाच आहे. पण भूमितीच्या तासाला चाळीस मिनिटं ज्याचं लक्ष टिकत नाही, त्याने पाच तास एका हातावरून डोळा काढला नव्हता. त्याने मला पाहिलं, ओळख दाखवली नाही.

सकाळी पहिल्या तासाला तो बाकावर डोकं ठेवून झोपला होता. मी त्याला उठवलं. भूमिती होती.

जानेवारीत माझा तास गेला. दहावीची सराव परीक्षा, मग विज्ञानाच्या सरांना प्रात्यक्षिकं संपवायची, मग इंग्रजीचा जादा तास. मी वर्षभर दुसऱ्याचा तास खाणाऱ्यांच्या पंगतीत बसलेली, आता माझ्या पानातलं गेलं तर बोलणार काय? 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी कला दहावीपर्यंत सक्तीची करा असं सांगून झालंय. 2023च्या आराखड्याने ती पुन्हा मुख्य विषयांच्या रांगेत बसवली आहे. आराखडे येत राहतात. आमच्यापर्यंत पोहोचतो तो वेळापत्रकाचा कागद, आणि त्यावर पेन्सिलीने केलेले फेरफार.

त्याच महिन्यात कलेसाठी दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचे प्रस्ताव भरले जातात. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर 7 गुण, बी असेल तर 5, सी असेल तर 3. त्यामुळे एरवी रंगपेटी न उघडणारी मुलंही त्या परीक्षेला बसतात; त्यांना दोष देत नाही, मीही बसले असते. लोककलेलाही वाढीव गुण आहेत हे मला तेव्हाच कळलं आणि मी झांजवाल्याच्या मागे लागले. पण नुसती कला पुरत नाही, मान्यता असलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याच्या काकाच्या मंडळाकडे पेटारा आहे, गणपतीचा मुखवटा आहे, हंगामभराच्या जत्रांची बोलावणी आहेत. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नाही. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना दोनदा फोन केला. एकदा साहेब मीटिंगमध्ये होते, एकदा मुदत संपली होती. झांजवाल्याला सांगितलं तर म्हणाला, “जाऊदे, बाई. माका भूमितीतला ता वर्तुळ सांगा.”

26 जानेवारीला मात्र धमाल झाली. दरवर्षी सिनेमातल्या देशभक्तीच्या गाण्यांवर कवायतवजा नाच होतो. दहावीने यंदा आम्ही आख्यान करणार म्हणून सांगितलं. तास नव्हताच, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तालमी. बारा मिनिटं, संहिता नाही, बाकडं एक. पहिलं भांडण राणीवरून होईल असं वाटलं होतं; एका उंच मुलाने राणी हात वर करून मागून घेतली. भांडण झालं संकासुरावरून. माझ्या आलेखवालीला संकासुर व्हायचं होतं. मुलगे म्हणाले, बाई संकासुर कशी होणार? ती म्हणाली, बाप्या राणी होता तशी. झांजवाल्याकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण घरचा जाणकार तोच. त्याने खांदे उडवले. “जमता काय बघूया.”

जमलं. तिने काळा झगा घालून मालवणीत आधी आठवीची खिचडी घेतली, मग पाण्याच्या टाकीचा नळ, मग मला, माझ्या चालण्यासकट. शेवटी गणपतीपुढे उभी राहून हेडसरांच्या आवाजात विचारलं, “मार्क किती?” मांडव कोसळला. हेडसर हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांचे पुढचे दोन दात सोन्याचे आहेत.

मार्चआधी श्रेणी भरायच्या होत्या. आता तो पाऊण तासाचा प्रकार जमेना. माझ्याकडे अडतीस वह्या होत्या. जिचा हात सुरेख होता तिने प्रत्येक चित्राखाली ‘मनमोहक’ लिहिलं होतं, ‘छान’ला बंदी म्हणून. एकाने पिंगुळीबद्दल लिहिलं होतं की मला कंटाळा आला, आवाज एकसुरी वाटला, पण बाहुली नाचायला लागली तेव्हा बाहुलीकडे बघायचं सोडून मी दोऱ्यांकडेच बघत होतो, हे बरोबर की चूक? एकाने गंजिफा आवडला नाही कारण तो महाग आहे, असं. यांना अ-ब-क कसं लावायचं? मी चार दिवस घेतले आणि तरी नऊ जणांच्या बाबतीत माझी खात्री नव्हती. तपासणीला आलेल्यांनी वह्या उघडल्या नाहीत. त्यांना नोंदवहीत सहा रकाने हवे होते, माझ्याकडे चार होते. राहिलेले दोन मी त्यांच्यासमोर बसून आखले.

मेअखेर निकाल लागला. गुणपत्रिका हातात आल्यावर झांजवालो घरी आला, हातात कागदाची पुडी.

“बाई, पस्तीस!”

गणितात बरोबर पस्तीस. मी त्याची पाठ थोपटली, गुणपत्रिका घेतली, खाली श्रेणीच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे ए होता.

“ता काय?”

“तुझा कलेचा.”

“बरां,” तो म्हणाला आणि पुडी पुढे केली. “खाजा घ्या, बाई. आयटीआयक नंबर लागतलो मां पस्तिसात?”